बुडाला लागलेला घाटा

आमच्या घरी गेले वर्षभर जे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, खाल्ले गेले, त्या प्रत्येकाला करपल्याचा एक अगदी पुसट वास होता. पाहुण्यांच्या तो लक्षात आला नसावा, कारण लसूण, तीळ आणि मिरची यांच्याआड तो दडून राहत असे. पण घास गिळून झाल्यावर, पाण्याचा पेला तोंडाला लावण्याआधीच्या त्या क्षणभरात तो जिभेवर येत असे, आणि तो कोणामुळे आला हे ताटावर बसलेल्या आम्हा सर्वांना ठाऊक होते. कोणी बोलत नव्हते, एवढेच. वर्षाच्या बेगमीचा पदार्थ बिघडण्यात ही मोठी गैरसोय असते. भाजी खारट झाली तर ती त्या दिवसापुरती खारट होते, बिबडे मात्र दोन मोठे डबे भरून माळ्यावर बसतात आणि खिचडी झाली की खाली उतरतात.

गेल्या चैत्रातल्या एका रविवारी पहाटे साडेचारच्या सुमाराला आमच्या परसात तीन दगडांची चूल पेटली होती. पऱ्हाट्या तडतडत होत्या. दादर जातीची ज्वारी भिजवणे, उपसणे, वाळवणे, भरडणे हे सगळे मायने आधीच्या आठवड्यात मी कामावर असताना उरकलेले होते, त्यामुळे माझ्यासमोर आले ते थेट उकळते आधण आणि त्यात पडणारा भरडा. पत्नी आणि शेजारच्या दोघी गच्चीवर ओले कापड अंथरून तयार बसल्या होत्या. दरवर्षी हा शिजणारा घाटा ढवळण्याचे काम पत्नीकडे असे, पण तिचे मनगट दुखू लागल्याने डॉक्टरांनी जोर लावायला मनाई केली होती, म्हणून लाकडी दांडा माझ्या हातात आला. लग्नाला एकोणीस वर्षे झाल्यानंतर तो प्रथमच आला, हेही सांगितले पाहिजे. रविवारची सकाळ ही माझी लिहिण्याची वेळ आहे, हे घरात कधीतरी ठरून गेले होते. कोणी ठरवले ते मला आठवत नाही, म्हणजे बहुधा मीच ठरवले असावे.

घाटा शिजत आला की तो जड होतो. सुरुवातीला दांडा पाण्यात फिरवल्यासारखा सहज फिरतो, मग मध्येच एक वेळ अशी येते की पातेले दांड्यासोबत फिरू पाहते आणि ढवळणाऱ्याला पायाने ते अडवावे लागते. ती वेळ आली तेव्हा माय चुलीतली लाकडे मागे ओढत होती आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, की तिच्या सासूबाईंना घड्याळ कळत नव्हते. घाटा दांड्याला धरू लागला की त्या म्हणायच्या, आता उजाडेल. मी थबकलो. माझी आजी मला फारशी आठवत नाही, पण त्या एका वाक्यात ती अंगणात उभी राहिली. असे वाक्य आपण सुचवून सुचत नाही, ते आयते हातात पडते, आणि पडले की लगेच उतरवून घेतले नाही तर चहा होईपर्यंत त्याचा नुसता चोथा उरतो. मी दांडा पातेल्याच्या काठाला टेकवला. “कथा चालना रे?” म्हणजे कुठे चाललास, असे मायने विचारले, आणि मी “आलोच” म्हणून घरात गेलो. कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेल्या पाठकोऱ्या कागदांतला एक ओढून त्यावर ते वाक्य लिहिले, एक शब्द बदलला, पुन्हा पहिल्यासारखा केला. खिडकीतून मायचा आवाज येत होता. ती पुढे काहीतरी सांगत होती. शब्द कळत नव्हते आणि मी ते कळून घेण्याचा प्रयत्नही केला नाही, कारण मला हवे होते ते मिळाले होते. मग वास आला.

माय रागावली नाही.

रागावली असती तर बरे झाले असते. तिने पदराने पातेले खाली उतरवले, वरचा घाटा दुसऱ्या भांड्यात काढला, बुडाची काळी खरपुडी तशीच राहू दिली आणि हाताला पाणी लावून पहिला गोळा चाखला. “ऱ्हाऊ दे,” एवढेच म्हणाली. दहा-अकरा किलो ज्वारीचा घाटा टाकून द्यायचा प्रश्नच नव्हता. तो तसाच वर गेला, थापला गेला, नऊच्या उन्हात त्याच्या कडा सुटू लागल्या, आणि दरवर्षीप्रमाणे मुलीने अर्धवट वाळलेला पहिला बिबडा तेल लावून खाल्ला. “पप्पा, स्मोकी फ्लेवर,” असे ती म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसलो, पण खिशातला कागद मला दिवसभर टोचत राहिला.

मी अमळनेरला राहतो आणि जळगावला नोकरी करतो. आमच्याकडे याला अपडाऊन म्हणतात, आणि वीस-वीस वर्षे अपडाऊन केलेल्या माणसांची एक वेगळीच जात असते. त्यांना गाडीचा उशीर हाडांत कळतो. सुमारे ५५ किलोमीटरच्या त्या प्रवासात कोणी पत्ते खेळतो, कोणी भजन म्हणतो, कोणी समोरच्याच्या खांद्यावर झोपतो. मी गुडघ्यावर पिशवी, पिशवीवर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर कागद ठेवून लिहितो. धरणगाव येते. बालकवी या गावी १८९० साली जन्मले आणि १९१८ साली जळगावच्या पलीकडे भादली स्थानकात रूळ ओलांडताना गाडीखाली सापडून गेले. त्यांचे वय तेव्हा अवघे सत्तावीस होते. त्या क्षणी त्यांचे लक्ष कुठे होते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि सांगूही नये. धरणगाव मागे पडले की मी कागद घडी करून ठेवतो, ते मात्र त्यांच्या आठवणीने नव्हे, तर पाळधीला गर्दी चढते आणि कोपर हलवता येत नाही म्हणून. गिरणेच्या पुलावर गाडी आली की सगळे उठून उभे राहतात. नदीत पाणी असो वा नुसती वाळू, त्या अर्ध्या मिनिटात मी खिडकीबाहेर पाहतो आणि तेवढे पाहणे मला दिवसभर पुरते. हे लिहून ठेवावे असे मला कधी वाटले नाही. आता लिहितो आहे म्हणजे ते बिघडेल की काय, अशी थोडी भीतीही वाटते.

कचेरीत माझे काम हिशेबाचे आहे. त्या कामाची मला लाज नाही आणि त्याचा मला कंटाळाही नाही. ताळेबंद जुळतो तेव्हा होणारा आनंद हा कविता जुळल्याच्या आनंदाहून फार वेगळा नसतो, असे माझे प्रामाणिक मत आहे. अडचण एवढीच आहे की ओळी वेळ पाहून येत नाहीत. मार्चअखेरीच्या धावपळीत, व्हाउचरांच्या गठ्ठ्यावर डोके वाकवलेले असताना, बाहेर लिंबाचा मोहर गळत असतो आणि एखादी ओळ येऊन उभी राहते. एका वर्षी मी अशी ओळ हाताशी असलेल्या कागदाच्या मागे लिहिली आणि तो कागद खर्चाच्या जोडपत्रांतून लेखापरीक्षणाला गेला. परीक्षकांनी त्या ओळीभोवती लाल वर्तुळ काढून समासात “खुलासा करावा” असा शेरा मारला. ओळ मोहराविषयी होती. खुलासा काय करणार? मी पांढऱ्या कागदावर “अनवधानाने लिहिले गेले” असे लिहून दिले, आणि सही करताना वाटले, की माझ्या एकूण लेखनाविषयी याहून नेमके कोणी काही म्हटलेले नाही.

घरी माझ्या अनवधानाला वेगळे नाव आहे. पत्नी त्याला “गेलात का?” असे म्हणते. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपतो. खानदेशातला मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना स्लॅबवर संध्याकाळी चार बादल्या पाणी ओतल्यानंतर उठणारा वाफेचा वास वेगळा सांगायला नको. दिवसा पारा ४५ च्या वर गेलेला असतो आणि रात्री दहाच्या पुढे तापीकडून की कुठून कोण जाणे, पण एक झुळूक येते. ती आली की शेजारपाजारच्या सगळ्या गच्च्यांवरचे बोलणे एकदम थांबते. त्या शांततेत पत्नी शेजारी पडलेली असते, मुलगी मोबाइलच्या उजेडात चेहरा निळा करून बसलेली असते, माय खाटेवर कूस बदलते. मला त्या वेळी काहीही नको असते. आणि नेमके त्या वेळी, काहीही नको आहे ही गोष्ट किती छान आहे, ती कशी सांगावी, झुळूक आधी लिहावी की शांतता, असे डोक्यात सुरू होते. अंधारात माझा चेहरा दिसत नसताना पत्नीला ते कसे कळते हे मला कळलेले नाही. “गेलात का?” असे ती हळूच विचारते. आवाजात तक्रार नसते. गाडी सुटली का, असे विचारावे तसे ती विचारते. मी “नाही, इथेच आहे” असे म्हणतो. ते खरे नसते.

अमळनेरच्या माणसाला लेखनाची सबब शोधायला लांब जावे लागत नाही. साने गुरुजी १९२४ पासून सहा वर्षे इथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, छात्रालयाचे काम पाहत होते आणि तिथल्या मुलांसाठी हाताने लिहून एक दैनिक काढत होते. दिवसभर शिकवायचे, मुलांचे सारे काही पाहायचे आणि रात्री दिव्यापाशी बसून दुसऱ्या दिवसाचे पान लिहायचे. लहानपणापासून आम्ही हे इतके ऐकले आहे, की कामाच्या रगाड्यात लिहिणाऱ्या प्रत्येकाला आपण गुरुजींच्या वाटेवर आहोत असे वाटू लागते. मलाही वाटत होते. पण गुरुजी त्या मुलांचे कपडेही धूत असत, अंथरुणे आवरत असत, आजारी मुलापाशी बसत असत, हेही आम्ही तितकेच ऐकले होते. मी त्यातले दैनिक तेवढे उचलले आणि धुणे सोडून दिले.

बहिणाबाईंची गोष्ट मी आणखी सोयीने वापरली. असोद्याची लेक, जळगावची सून, अक्षरओळख नाही, आणि शेतात, जात्यावर, चुलीपाशी काम करता करता गाणी रचली जात आहेत. काम आणि कविता यांत फट नाही, असे मी स्वतः कुठेतरी लिहिलेही आहे. लिहायला फार बरे वाटते ते वाक्य. घाटा करपल्यानंतर पुढचे कित्येक दिवस गाडीत बसल्यावर मला एकच गोष्ट दिसत राहिली. बहिणाबाईंना उठावे लागत नव्हते. त्या ओळ सुचली म्हणून हातातले पीठ टाकून कुठे जात नव्हत्या. उतरवून घेणारे दुसरे होते, मुलगा सोपानदेव आणि घरातली आणखी मंडळी, आणि त्यांनी उतरवलेली वही १९५१ साली बहिणाबाई गेल्यानंतर अत्र्यांच्या हाती पडून १९५२ साली छापली गेली. सोपानदेव लिहीत असतील तेव्हा जाते चालूच असणार. म्हणजे या गोष्टीत मी बहिणाबाईंच्या जागी नाहीच. दांडा माझ्या हातात होता खरा, पण बोलत होती माय, आणि मला तर सोपानदेवही होता आले नाही, कारण ते पूर्ण ऐकत होते.

त्याच १९५२ साली अमळनेरला साहित्य संमेलन भरले होते. त्यानंतर बहात्तर वर्षांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत, सत्त्याण्णवावे संमेलन पुन्हा आमच्या गावी आले, तेव्हा मी मायला तासभर मंडपात घेऊन गेलो होतो. ती पुढच्या गर्दीकडे, झोळ्या लटकवलेल्या माणसांकडे, पुस्तकांच्या दुकानांकडे पाहत राहिली आणि परतताना रिक्षात म्हणाली, “ह्या समदा लोक कामले कव्हय जातस?” ही सगळी माणसे कामाला केव्हा जातात, असे. मी ते वाक्य रिक्षातच लिहून घेतले. त्यात काही गैर वाटले नाही तेव्हा.

आजीच्या घड्याळाविषयी मी लिहिले. लेख चांगला उतरला, हे मी खोट्या विनयाने नाकारणार नाही. घाटा दांड्याला धरतो आणि पूर्वेला उजाडते, निरक्षर बायकांना काळाचे असे भान होते, आपण मात्र मनगटावर घड्याळ बांधून गाडी चुकवतो, अशा वळणाने तो गेला होता. श्रावणात एका वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत तो छापून आला. गाडीतल्या पत्तेवाल्यांनी पेढे मागितले, आणि एरवी माझ्या पुठ्ठ्याची थट्टा करणाऱ्या गृहस्थांनी आपल्या आजीच्या आठवणी पाळधीपर्यंत सांगितल्या. घरी मुलीने तो मायला मोठ्याने वाचून दाखवला. माय हसू लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले, तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि “बरं लिखं,” असे म्हणाली. मला वाटले, तिला आवडले. त्या आनंदात मी दोन दिवस काढले. त्या रात्रीही खिचडीबरोबर बिबडा होता.

गेल्या महिन्यात डबा तळाला आला. बिबडे संपले होते आणि चुरा उरला होता. पत्नीने तो कांदा, कच्चे तेल आणि शेंगदाणे घालून कालवला, आणि आम्ही दोघे ओट्यावर बसून तो एका ताटलीतून खात होतो. करपल्याचा वास चुऱ्यात जरा जास्तच होता. न राहवून मी विचारले, की त्या दिवशी मी आत गेल्यावर माय पुढे काय सांगत होती? मायला मी एकदा विचारले होते, तेव्हा तिने “काय की, काही नई” असे म्हणून विषय संपवला होता. पत्नी घाटा न्यायला नेमकी त्या वेळी जिन्यावरून खाली आली होती. ती थोडी हसली आणि म्हणाली, “अहो, पुढचीच तर गंमत होती.”

गंमत अशी होती. सासूबाई म्हणायच्या खऱ्या, की घाटा दांड्याला धरला की उजाडते. माय लग्न होऊन आली त्या वर्षीच्या चैत्रात त्यांना मध्यरात्री जाग आली, बाहेर पौर्णिमेचे टिपूर चांदणे होते, पहाट झाली असे समजून त्यांनी सगळ्यांना उठवले आणि चूल पेटवली. घाटा दांड्याला धरला. उजाडले नाही. बायकांनी सगळा घाटा वर नेऊन धाब्यावर थापला, तरी उजाडले नाही. मग कोणीतरी जाऊन शेजारच्या मास्तरांना वेळ विचारली, तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. कुत्री-मांजरे येऊ नयेत म्हणून सगळ्या जणी काठ्या घेऊन बिबड्यांभोवती बसल्या. नव्या सुनेला, म्हणजे मायला, बसल्या जागी झोप लागली आणि ती कलंडली ती थेट ओल्या बिबड्यांच्या रांगेवर. जागी झाली तेव्हा खरोखरच उजाडले होते, तिचा पदर घाट्यात चिकटून वाळला होता आणि सासू समोर उभी होती. आता काय ऐकावे लागते म्हणून तिने डोळे मिटले. सासूबाई हसू लागल्या. इतक्या, की त्यांना खाली बसावे लागले. त्यांना हसताना मी तेवढेच एकदा पाहिले, असे माय म्हणाली होती. आणि तेवढ्यात वास आला होता.

मी ताटलीतला चुरा बोटाने गोळा करत राहिलो. म्हणजे श्रावणात माय हसली ती माझ्या लेखाला नव्हे. की लेखालाच? घड्याळाचा मी केलेला तो सगळा गौरव ऐकताना तिच्या डोळ्यांपुढे दीड वाजताचे चांदणे आणि काठ्या घेऊन बसलेल्या बायका असणार. तिने मला दुरुस्त का केले नाही, असे मी पत्नीला विचारले. ती म्हणाली, “तुम्ही किती खुश होता त्या दिवशी.” मग तिने ताटली उचलली, मनगट सांभाळत डबा पालथा करून धुवायला ठेवला आणि आत गेली. मी बसून राहिलो. या वेळी खरोखर कुठेही गेलो नव्हतो, तर विचारायला कोणी नव्हते.

आता फाल्गुन संपत आला आहे. नवी दादर घरात आली आहे, आणि परसातले तीन दगड मायने काल झाडून घेतले. पत्नीचे मनगट यंदाही तसेच आहे. मी गाडीवरून आलो तेव्हा माय त्या दगडांपाशी पाटावर बसून ज्वारी निवडत होती. तिने विचारले, की मार्चचे तुझे काम कधी आटोपते? मी एप्रिलमधला पहिला रविवार सांगितला. तिने बोटांवर भिजवण्याचे, वाळवण्याचे, भरडण्याचे दिवस मागे मोजले, मान डोलावली, सुपातला एक खडा काढून भिंतीकडे टाकला आणि वर न पाहता म्हणाली, “कागद-पेन आठेच (इथेच) लई येजो.”